कुत्र्याच्या मापाचं मुसकं

१९ नोव्हेंबर २००५, शनिवार. कॅलेंडरच्या त्या चौकोनात मी सकाळीच लिहून ठेवलं होतं: ‘कुत्र्याला गोचिडाचं औषध.’ घरातली कामं मी अशीच लिहायची. लिहिलेलं काम राहत नाही.

आर्णीपासून आत, नाल्याकाठी आमचं गाव. आमचे हे तालुक्याला कचेरीत कारकून, शेती माझ्याकडे. नोकरदारांच्या घरातली सून कापसाच्या वावरात उभी राहिली तेव्हा गाव हसलं. चार हंगाम गेल्यावर त्यातलेच लोक सल्ला विचारायला यायला लागले. मी सल्ला द्यायचीही, न विचारता जरा जास्तच. फवारणीचा पंप विहिरीवर धुणाऱ्या एका शेजाऱ्याला मी चार माणसांत झापलं होतं. रिकामे डबे घरात पाण्याला वापरू नका, हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका, हे तर रोजचंच. त्या वर्षांत आमच्या भागात असं घर नव्हतं ज्याच्या कोनाड्यात औषधाचा डबा नाही. त्याचं काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मी इथे फक्त माझ्या डब्याचं सांगणार आहे.

कुत्रा पाच वर्षांचा. पिल्लू असताना ओसरीवरच्या कापसाच्या ढिगात शिरून झोपला होता, तिथून हाकलला तो अंगणात राहिला. नाव ठेवलं नाही. ‘ये रे’ म्हटलं की यायचा, तेवढं पुरत होतं. त्याचं सगळं मी वेळेवर केलं. दरवर्षी पिसाळण्याचं इंजेक्शन, जंताच्या गोळ्या, भाकरी ताकात कुस्करून, कोंबडीचं हाड कधी नाही. फवारणी झाली की तीन दिवस त्याला साखळी. यंदा पहिल्या वेचणीला वावरात सीतादही केलं, कपाशीच्या झाडापुढे दहीभाताचा नैवेद्य ठेवला, तर पूजा व्हायच्या आत यानं तो चाटून पानावर नाक पुसलं. बाया हसल्या. मी काठी उगारली. त्यानं शेपूट हलवली.

दिवाळीनंतर त्याला गोचिड्या झाल्या. कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. मी रोज दुपारी रॉकेलचा डबा घेऊन बसायची आणि एकेक उपटून त्यात टाकायची. आज काढल्या की उद्या तितक्याच. कुत्रा वाळला, हिरड्या पांढऱ्या पडल्या. गुरांच्या दवाखान्यातून औषध आणा म्हणून ह्यांना दोनदा चिठ्ठी दिली. दोन्हीदा चिठ्ठी खिशात तशीच परत आली.

आता पद्धत सांगते. आमच्याकडे पोळ्याच्या आधी बैलांच्या गोचिड्या काढतात त्या कपाशीच्या औषधानंच. बादलीभर पाण्यात एक टोपण, फडकं बुडवून अंग पुसायचं, बैलाला मुसकं बांधायचं आणि आखूड दाव्यानं उन्हात उभं करायचं. अंग वाळलं की धुवायचं, मग मुसकं काढायचं. डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या वेळी बैलानं कपाशी खाऊ नये म्हणून जे दोरीचं मुसकं असतं, तेच. माझ्या सासऱ्यांनी असं केलं, सगळं गाव करत होतं. मीही चार वर्षं केलं होतं, बैलांना काही झालं नव्हतं. कुत्रा बैलापेक्षा लहान, म्हणून मी अर्धं टोपण घेतलं. मापाच्या बाबतीत मला स्वतःचा अभिमान होता.

कुत्र्याच्या मापाचं मुसकं मात्र नव्हतं. सुतळीचं विणायला अर्धा तास लागला असता. अंगणात वेचलेला कापूस मोजायचा राहिला होता, बाजारचा दिवस म्हणून बायांना लवकर जायचं होतं. मी म्हटलं, आखूड बांधला की झालं.

वेचणाऱ्या बायांची पुढारीण बंजारा तांड्यावरची होती. तिला सगळे याडी म्हणत, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मी फडकं फिरवत होते आणि ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

“काय व बाई, नवरदेव करून राह्यली का त्याले?”

“गोचिड्या मारते आहे.”

“माह्या कुत्र्याले बी गंज झाल्या व. कानात त निरा मनुका लागल्यावानी. थोडसं देतं का?”

मी तिला छोट्या बाटलीत ओतून दिलं. अर्धं टोपण, एक बादली, असं बोटं दाखवून दोनदा सांगितलं.

“आज बाजार हाये. उद्या ऊन चढलं का धुतो त्याले,” ती म्हणाली. कुत्र्याकडे बघून म्हणाली, “घे बापा, साहेब झाला तू.”

कुत्र्याला गोठ्यात बांधून मी तराजूकडे गेले. तो कुंईकुंई करत होता, मी तिकडून ओरडून गप्प केलं. बैलाला मान वळवून किती लांब पोचता येतं आणि कुत्र्याला किती, हे काही मला नवीन नव्हतं. कुत्रा शेपटीच्या टोकापर्यंत पोचतो. पाच वर्षं रोज बघत होते.

बाया गेल्यावर गोठ्यात आले. तो आडवा पडला होता. तोंडातून लाळेची तार, मागचे पाय थरथरत होते. अंगावरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत एका बाजूला चाटून बसवलेले, अगदी नीट, मांजर बसवते तसे. मी घागरभर पाणी ओतलं, साबण लावला, पुन्हा पाणी ओतलं. मग त्याला गोणपाटात गुंडाळलं आणि सडकेवर जाऊन काळीपिवळी जीप थांबवली. ड्रायव्हर म्हणाला, कुत्रं नाही नेत. मी आत चढून बसले. मग त्याला न्यावंच लागलं.

दवाखान्याच्या बाकावर माझ्याच गावचा माणूस बसला होता, बकरी घेऊन. विहिरीवर पंप धुतला म्हणून मी झापलं होतं तोच.

डॉक्टरांनी विचारलं, “काय झालं? फवारणीचं काही पोटात गेलं का?”

मी म्हटलं, “नाही. बाजारातलं काहीतरी शिळं खाल्लं असेल.”

हे वाक्य मी विचार करून बोलले नाही. ते आपोआप आलं आणि नीट आलं, आवाज न हलता. डॉक्टरांनी त्याप्रमाणे सलाईन लावलं, एक इंजेक्शन दिलं आणि बकरीकडे वळले. मी कुत्र्याचं डोकं धरून उभी होते. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. लाळ थांबत नव्हती. बकरीवाला म्हणाला, “वहिनी, तुमचा कुत्रा त तुम्हीच म्हनता तसा, बाहेरचं खात नाही ना?” त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

बकरीचं काम संपून तो गेला. डॉक्टर परत आले, कुत्र्याची पापणी उघडून बराच वेळ बघितलं. आता त्यांचा आवाज वेगळा होता. “ताई, पुन्हा विचारतो.”

मग मी सांगितलं. कोणतं औषध, किती टोपण, किती वाजता. त्यांनी कपाटातून दुसरं इंजेक्शन काढलं, भरलं, दिलं. थोड्या वेळानं आणखी एक. मध्ये एकदा कुत्र्यानं मान उचलली आणि माझ्या मनगटाला जीभ लावली. साबणाचा वास येत असेल. मी हात काढून घेतला, कारण माझ्या हाताला अजून औषध असेल असं मला वाटलं. ते अखेरचं. दिवस मावळायच्या आत संपलं.

“आधी सांगितलं असतं तरी वाचलाच असता असं नाही,” डॉक्टर म्हणाले. भला माणूस होता. मी त्यावर विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही.

ह्यांनी वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली खड्डा खणला. मी गोणपाटासकट ठेवला. साखळी काढून घेतली, मग पुन्हा आत टाकली. माती लोटताना हे म्हणाले, “कोणी विचारलं तर सांग, फवारलेल्या वावरात शिरला होता. कुणाच्या वावराचं नाव घेऊ नकोस म्हणजे झालं.” मला वाचवायलाच बोलत होते. मी हो म्हटलं.

घरी येऊन बादली घासायला घेतली, तेव्हा याडीची बाटली आठवली.

तांडा नाल्यापलीकडे. अंधार पडला होता, ती ऊन चढल्यावरच धुणार होती, सकाळी जाता येईल. हे सगळं खरं होतं. पण अंधारातून मी कितीदा नाला ओलांडला आहे. मला तिच्यासमोर उभं राहून सांगायचं नव्हतं, इतकीच गोष्ट. बोटं दाखवून माप सांगणारी मी होते. मी स्वतःला असंही म्हणून बघितलं की बाटली चुकून दुसरी दिली, कापसाला हवी आहे, असं सांगून परत घेता येईल. कुत्र्याचा विषयच काढायला नको. ते वाक्यही नीट जुळलं, दुपारच्या वाक्यासारखंच. मग मात्र मला माझीच भीती वाटली. ताटलीत ताकभाकरी कालवून ठेवली आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ती मी बैलांना टाकली.

सकाळी उजाडायच्या बेतात निघाले. तांड्यावर पोचले तर याडी दात घासत होती, तिचा कुत्रा खाटेच्या पायाला बांधलेला. बादली बाजूला तयार. मला बघून हसली.

“काय व बाई, भरोसा नाही का माह्यावर? माप पाहाले आली?”

मी उभ्याउभ्या सांगितलं. कुत्रा मेला. चाटून मेला. औषध मी लावलं होतं, आणि डॉक्टरांशी आधी खोटं बोलले. शेजारणी ऐकत होत्या, म्हणून मी आवाज खाली केला नाही.

याडीच्या तोंडात राख तशीच राहिली. थुंकून तिनं तोंड धुतलं. छपरातून बाटली काढून माझ्या हातात दिली. “अरे देवा,” म्हणाली, “काल त शेपूट हालवत होता व तो.” मग आपल्या कुत्र्याकडे बघून, “आन याचं आता कसं करू?”

मी पिशवीतून रॉकेलचा डबा काढला. तिला म्हटलं, तोंड धर त्याचं, मला ओळखत नाही. तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड मिटून धरलं. तो गुरगुरला. मी खाली बसले आणि डावा कान उलटा केला. कानात खरोखर मनुकांसारख्या लागल्या होत्या. एकेक उपटून डब्यात टाकत गेले. डावा कान झाला, उजवा झाला. ऊन चढलं. मग पंजे घेतले.