अशक्तपणाची साक्ष

जिल्ह्याच्या गावात मानसोपचाराचा दवाखाना काढायचा तर शेजारी दातांचा दवाखाना हवाच, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. धाराशिवला आल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं. माझे निम्मे पेशंट शेजारच्या बाकावर बसतात आणि नंबर पुकारला की गालावर हात ठेवूनच उठतात. एका गुरुजींना तर तिकडच्या कंपाउंडरनं थेट खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं. त्यांनी मुकाट्यानं उघडलं. डोक्याच्या डॉक्टरकडे आलोय हे सांगण्यापेक्षा एखादा दात गेलेला त्यांना परवडला असावा.

अशा लोकांसाठी मी एक सोय काढली होती. केसपेपरवर आजाराचं नाव लिहायचं असतं, तिथं मी ‘अशक्तपणा’ लिहायची. गोळ्या मात्र खऱ्याखुऱ्या नैराश्याच्या. अशक्तपणा हा आपल्याकडचा सगळ्यात इज्जतदार आजार. त्याच्यापायी सोयरीक मोडत नाही, सासू टोमणे मारत नाही, उलट गूळ-शेंगदाणे पुढे येतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत मी स्वतःच्या हुशारीवर खूश असायची. पुण्यातल्या डॉक्टर मैत्रिणींना फोनवर ही युक्ती सांगून वर भावही खायची.

चार वर्षांपूर्वी कळंबहून एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेच्या मांडीवर दोन वर्षांची मुलगी होती आणि ती आईच्या मंगळसूत्राशी खेळत होती. आईचं तिकडे लक्षच नव्हतं.

“लई सुस्त झालीय,” सासू म्हणाली. “भाकरी थापता थापता बसून ऱ्हाती. पोरगी रडली तरी हालत न्हाय. डोस्क्याचं तर न्हाय ना काय?”

“छे छे,” मी म्हणाले. “अशक्तपणा आहे.”

सासूचा जीव भांड्यात पडला. मग तिला बाहेर बसवून मी सुनेला खरं काय ते सांगितलं: हे डिप्रेशन आहे, बरं होतं, गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. आणि शेवटी बजावलं, “कुणी विचारलं तर अशक्तपणाच सांग हं. कुणालाही.” तिनं मान हलवली. आठ महिन्यांत ती ठणठणीत बरी झाली, गोळ्याही बंद झाल्या. शेवटच्या कागदावर मी मोठ्या समाधानानं लिहिलं, ‘भूक चांगली. अशक्तपणा नाही.’

पुढे नवराबायकोचं बिनसलं. कारण दुसऱ्या बाईचं होतं, त्यात माझ्या गोळ्यांचा काही संबंध नव्हता. ही मुलीला घेऊन माहेरी बेंबळीला आली, शिलाई मशीन घेतलं, मुलीला शाळेत घातलं. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा बापाला एकदम पितृप्रेमाचा पान्हा फुटला. त्यानं कोर्टात अर्ज टाकला: बायको वेडी आहे, मुलीचा ताबा मला द्या. पुरावा म्हणून माझ्याच कागदांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. गोळीचं नाव मोबाईलवर टाकलं की आजकाल मोबाईल सगळं सांगतो. त्यासाठी एवढी वर्षं शिकायची गरज राहिलेली नाही.

आणि मला समन्स आलं. साक्ष नवऱ्याच्या वकिलांनी मागवली होती.

तारखेच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या टपरीवर दोन्ही वकिलांनी मला आळीपाळीनं चहा पाजला. नवऱ्याचे वकील म्हणाले, “मॅडम, एवढंच सांगा की बाई वेडी होती.” मी म्हटलं, डिप्रेशन म्हणजे वेड नव्हे. ते म्हणाले, “तेच हो. शब्द तुमचा, अर्थ आमचा.” तिचे वकील त्याहून प्रेमळ निघाले. “मॅडम, कागदावर आहे तेच बोला. अशक्तपणा. आमच्या बाईंनीसुद्धा शपथेवर तेच सांगितलंय. दोघींचं जुळलं की मुलगी आईकडे, विषय संपला.”

मी कप खाली ठेवला. कुणालाही अशक्तपणाच सांग, असं मीच बजावलं होतं. ती आज्ञाधारक बाई ते कोर्टातही सांगून मोकळी झाली होती.

इथं मी सत्यासाठी ताठ उभी राहिले असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण मी खोटं बोलायची तयारी करूनच आत गेले होते. लेकरू आईजवळ राहावं, बाकी देव बघून घेईल, असा माझा शास्त्रीय विचार होता. ईश्वराला साक्ष ठेवून शपथ घेतली. समोर ती बसली होती. माझ्याकडे बघून तिनं बारीकशी मान हलवली.

नवऱ्याच्या वकिलांचा आवाज तेरखेड्याच्या सुतळी बॉम्बसारखा. त्यांनी कागद नाचवत विचारलं, “ही गोळी अशक्तपणाची आहे, असं तुम्ही शपथेवर सांगता?”

होय म्हणायला मी तोंड उघडलं. पण माझे इतर पेशंट डोळ्यासमोर आले. ही गोळी अशक्तपणाची आहे असं एकदा कोर्टात सांगितलं, तर उद्या ‘ही डिप्रेशनची आहे, चुकवू नका’ असं बजावत तीच गोळी मी त्यांना कुठल्या तोंडानं देणार?

“नाही,” मी म्हणाले. “डिप्रेशनची आहे.”

“मग कागदावर अशक्तपणा कुणी लिहिला?”

“मी.”

“म्हणजे खोटं लिहिलंत.”

“हो.”

“एकाच पेशंटचं की बऱ्याच जणांचं?”

“बऱ्याच जणांचं.”

ते खूश होऊन खाली बसले. तिच्या वकिलांनी सावरायचा प्रयत्न केला. बाई आता बरी आहे का, असं विचारलं. मी म्हणाले, पूर्ण बरी आहे, कधीच बरी झाली, मुलीला सांभाळण्यात तिला कसलीही अडचण नाही. न्यायाधीशांनी विचारलं, तसं कुठं लिहिलंय का? मी शेवटचा कागद दाखवला. त्यांनी मोठ्यानं वाचलं, “भूक चांगली.” मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. तज्ज्ञ साक्षीदार म्हणून माझी कामगिरी तिथं संपली. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

न्यायाधीश तिच्याकडे वळले. “बाई, तुम्ही शपथेवर फक्त अशक्तपणा होता असं सांगितलंय. खरं काय ते आता सांगा.”

ती उभी राहिली. तिचे वकील खालून हातानं खुणावत होते, नको, नको. तिनं तिकडे पाहिलंच नाही.

“ह्या खरं सांगायल्या,” ती म्हणाली. “डिप्रेशन व्हतं मला. पोरगी रडायची, मला ऐकू यायचं, पन उठता येत नव्हतं. मरावं वाटायचं. मंग गोळ्या खाल्ल्या. एक दिवस चुकवली न्हाय, का तर पोरीसाठी उठायचं व्हतं मला. आता रोज पाचला उठती. डबा करती, शाळंत सोडती. सायेब, मी दुखणं लपवलं ही चूक झाली. पन दुखणं आलं ही माझी चूक न्हाय.”

माझ्या सगळ्या डिग्र्या मिळून जे धड सांगू शकल्या नव्हत्या, ते तिनं मिनिटभरात सांगितलं. मला रडू आलं. साक्षीदारानं रडू नये म्हणतात, पण माझी साक्ष तशीही बुडालीच होती.

न्यायाधीशांनी नंतर मुलीला आत बोलावून एकटीशी बोलून घेतलं. शाळेच्या बाईंना विचारलं. पुढं दोन तारखा गेल्या आणि निकाल लागला. मुलगी आईकडेच राहील, बाप महिन्यातल्या दोन रविवारी भेटेल. डॉक्टरांच्या कागदांवर विसंबता येत नाही, असंही त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात खोडून काढण्याजोगं काही सापडलं नाही.

आठवड्यानं ती मुलीला घेऊन दवाखान्यात आली. पेढे आणले असतील असं मला वाटलं. आपल्याकडे डॉक्टरला असं वाटायची सवयच असते. तिनं पिशवीतून माझे जुने कागद काढून टेबलावर ठेवले.

“मॅडम, ह्याचा एक नवा कागद करून द्या. काय झालं व्हतं, कवा बरी झाले, सगळं खरं. त्येनं उद्या पुन्हा अर्ज टाकला तर मला कुनाच्या तोंडाकडं बघायला नको.”

मी लिहायला बसले. नैराश्य, उपचाराचे महिने, पूर्ण बरी. लिहून सही केली, शिक्का मारला. तिनं कागद सावकाश, अक्षर अक्षर लावून वाचला, घडी घालून ब्लाऊजमधल्या पाकिटात ठेवला.

“तुमी मला गोळ्या दिल्या, ते उपकार मी जलमभर इसरणार न्हाय,” ती म्हणाली. “पन लपवायला बी तुमीच शिकवलं. त्यापायी लेकरू चाललं व्हतं माझं.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

मोठ्या डॉक्टरनं एवढं म्हटलं की आपल्याकडची माणसं घाईघाईनं म्हणतात, तसं न्हाय मॅडम, तसं न्हाय. मीही त्याचीच वाट पाहत होते.

“व्हय,” ती म्हणाली. आणि मुलीचा हात धरून निघून गेली.