एकोणीस घरचं गडगनेर

आमच्या घरून चक्कीवर जायला दोन रस्ते आहेत. सरळ रस्त्यानं पाच मिनिटं, गोठ्यांच्या मागून गेलं तर चांगली पंधरा. गेले दोन महिने मी गोठ्यांच्या मागून जाते. शेण चुकवत, कडेवर दळणाचा डबा घेऊन. कारण सरळ रस्त्यावरच्या एकोणीस घरी मी जेवलेली आहे, आणि त्या घरांच्या ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलं असतंच. "काय वो, गेली नाही का अजून?" एवढंच विचारतात. वाईट मनानं नाही विचारत, खरं सांगते. पण निरोपाचं जेवण कधीचं जिरलं आणि बाई गावातच, याला उत्तर काय द्यायचं?

मी नर्स आहे. तालुक्याच्या दवाखान्यात बारा वर्षं कंत्राटी होते. अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग पुन्हा अकरा महिने. अर्ध्या तालुक्याची लेकरं माझ्या हातावर जन्मली असतील, पण दर वर्षी खंडाच्या त्या दिवसांत मी कोणीच नसायचे. घरी बसून तूर निवडायची आणि फोन वाजतो का बघायचं. नवऱ्याचं किन्हीराजाच्या रोडवर मोटर रिवायंडिंगचं दुकान. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की विहिरींवरच्या मोटरी जळतात, तेव्हा याला जेवायला फुरसत नसते. बाकीचे महिने तो दुकानासमोर खुर्ची टाकून रस्ता बघतो.

जर्मनीचं मला दवाखान्यातल्याच एका मैत्रिणीनं सांगितलं. तिकडं नर्सा पाहिजेत, वृद्धाश्रमात. भाषा शिकावी लागते. मी दीड वर्ष शिकले. रेंज फक्त घराच्या स्लॅबवर येते, म्हणून ड्यूटीवरून आल्यावर पाण्याच्या टाकीला टेकून मोबाइलसमोर बसायचे आणि घशातून ते विचित्र उच्चार काढायचे. शेजारची म्हणायची, "हिले खोकला झाला का?" परीक्षा एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. मग एक दिवस पत्र आलं. पक्की नोकरी. महिन्याभरात सही करून पाठवायची. आधी मी एकटीनं जायचं, सहा-आठ महिन्यांनी नवरा आणि पोरगी. मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, त्या पत्रात काही नव्हतं. कशाला असेल!

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." पंधरा वर्षांच्या संसारात हे तीन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. माणूस भांडला तरी बरा, निदान कोणीतरी समोर आहे असं वाटतं. मायला फोन केला, तर तीही म्हणाली, "तुयं तू पाह्य बाई, आमाले काय समजते त्याच्यातलं." सगळ्यांनी हात वर केले.

मग मी आणि माझी सातवीतली पोरगी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून बसलो. तिनं पट्टीनं मधोमध रेघ मारली. एका बाजूला ‘जाचं’, दुसऱ्या बाजूला ‘राहाचं’. जाच्या बाजूला भराभर लिहिलं गेलं: पक्की नोकरी, पोरीचं शिक्षण, दर वर्षी खंडाची धास्ती नाही, म्हातारपणी हात पसरायला नको. राहाच्या बाजूला लिहिलं: थंडी, भाषा, यांना तिथं काय काम मिळणार, पोरगी तिकडचीच होऊन बसली तर? आणि सगळ्यात खाली: मामाजी एकटे. त्याला मी गोल केला. मग त्या गोलावरून पेन फिरवत राहिले, फिरवत राहिले, तिथला कागद फाटायला आला.

कारण माझं सगळं अडलं होतं ते तिथंच. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. मामाजी पंचाहत्तरीच्या पुढचे, चार एकर वावर, बोलणं कमी. सकाळी चहा दिला की "हाव" म्हणतात, रात्री ताट दिलं की "बस" म्हणतात, मधे दिवसभर वावरात. त्यांना सोडून मी कुठं जाणार होते, तर लोकांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला! परदेशातल्या म्हाताऱ्याच्या तोंडात चमच्यानं घास भरवायचा आणि घरचा म्हातारा चुलीपुढं एकटा. कोणी ऐकलं असतं तर तोंडात शेण घातलं असतं माझ्या. मीच मनातल्या मनात रोज घालत होते.

पान खिळ्याला अडकवलं आणि ड्यूटीवर गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊकीतल्या मोठ्या काकू कुंकवाचा करंडा घेऊन दारात हजर. "उद्या आमच्या इथं गडगनेर हाय. तिघंई या."

आमच्याकडं लग्न ठरलेल्या पोरीला भाऊकीतलं एकेक घर जेवायला बोलावतं, कुंकू लावतं, ओटी भरतं, त्याला गडगनेर म्हणतात. मी विचारलं, "कोणाचं लगन हाय काकू?"

"लगन कायचं वो! तुमी जर्मनीले जाऊन राह्यले ना? तुया सासऱ्यानं सकाळी चक्कीवर सांगतलं. साऱ्याइच्या समोर."

मी तशीच अंगणात गेले. मामाजी दोर वळत बसले होते. मी पदर डोक्यावर घेतला, तेवढं भान राहिलं, पण आवाज काही खाली आला नाही. "मामाजी, मले इचारलं काहून नाही? म्या सही नाही केली अजून!"

त्यांनी दोराला पीळ दिला. "होईन सही. बलावणं आलं, जेवण टाकू नाई."

"पण मले जाचं का नाही, थेच ठरलं नाही!"

"मोठ्या घरचं बलावणं हाय," ते म्हणाले, आणि दुसरं टोक धरायला खुंटीकडं गेले.

आता गडगनेराची गंमत अशी की एका घरी जेवलं की दुसऱ्या घराला नाही म्हणता येत नाही. मोठ्या घरी जेवले, आमच्या घरी काहून नाही, असा रुसवा निघतो. आणि गडगनेर खाल्लं की लग्न मोडत नसतं. मोडलं तर त्या पोरीचं नाव तीन पिढ्या निघतं. भाऊकीत एकोणीस घरं. सोयाबीन घरात आलेलं, बाया मोकळ्या, हौसेला काय तोटा! कोणाकडं पुरणाची पोळी, कोणाकडं कढी-वडे. दर घरी कुंकू, खण, नारळ. नारळ ठेवायला जागा उरली नाही तेव्हा मी ते गव्हाच्या कोठीत टाकू लागले.

सगळे विचारायचे, पण काय? तिकडं बर्फ किती पडतो, ज्वारीचं पीठ भेटते का, लोक गाय खातात म्हणे, मग तुमी काय खासान? तुला जायचं आहे का, हे एकानं विचारलं नाही. मामाजी प्रत्येक जेवणाला यायचे, पण आमच्या रांगेत बसायचे नाहीत. ते त्या घरच्या माणसांत बसायचे, यजमानासारखे, आणि वाढणाऱ्यांना सांगायचे, "वाढा, वाढा. तथी नाही भेटत." मला इतका राग यायचा त्यांचा! वाटायचं, म्हाताऱ्याला आम्ही नकोसे झालो. घर मोकळं पाहिजे याला.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी एकोणीस घरची पाहुणी होते, नाकापर्यंत जेवलेली, तरी उपाशी. चाळीस माणसांच्या मधे बसून घास चावायचे आणि वाट बघायचे, की कोणीतरी म्हणेल, नको जाऊ. एवढंच पाहिजे होतं मला. नवव्या की दहाव्या घरी एका म्हाताऱ्या आजीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. वाटलं, आता ही म्हणते. ती म्हणाली, "तथी जाऊन वाळू नको वो माय." मी हसले. हात धुवायला गेले आणि तिथं रांजणापाशी रडून घेतलं. बाळंतपणाच्या कळांमध्येही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं, तेव्हा निदान ओरडता येत होतं.

एकोणिसाव्या घरच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी भर दुपारी स्लॅबवर जाऊन मी सही केली. बोटानंच करायची होती, मोबाइलवर. एवढ्या घरचं अन्न अंगावर घेऊन नाही म्हणायला तोंड कुठं उरलं होतं!

आणि मग कागद अडला. एक दाखला परत आला, तो दुरुस्त होईपर्यंत व्हिसाची तारीख गेली, नवीन तारीख मिळेना. इकडं दवाखान्यातला करार संपला होता. मी जाणार म्हणून पुढचा भरलाच नव्हता. बचत गटानं माझी जागा दुसऱ्या बाईला दिली. संक्रांतीला हळदी-कुंकवाचं बोलावणं एकाही घरून नाही. मग कोणीतरी चुकून विहिरीवर भेटलं की जीभ चावायचं, "अवो, आमाले वाटलं तू गेली!" मी गावात होते आणि गावाचं मला वाटेला लावून झालं होतं. पोरगी शाळेतून यायची ती रडवेली. मैत्रिणींनी तिला गॅदरिंगच्या नाचातून काढलं होतं, म्हणे तू तर राहणार नाहीस. तेव्हापासून मी गोठ्यांच्या मागून जायला लागले.

मागच्या आठवड्यात व्हिसा आला. तिकीट पुढच्या पंधरवड्यातलं, माझं एकटीचं.

काल दुपारी नवरा दुकानात, पोरगी शाळेत. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तर वांगी भाजल्याचा वास आला. मामाजींनी तुराट्या पेटवून त्यावर वांगी भाजली होती. वावरातल्या पार्टीत भरीत तेच करतात, पण घरात मी त्यांना कधी चुलीला हात लावताना पाहिलं नव्हतं. आत गेले तर पाट मांडलेला. एकच ताट.

"बस," ते म्हणाले.

"तुमी बसा मामाजी, मी वाढतो."

"नाई. हे विसावं घर हाय."

पंधरा वर्षांत मी कधी त्यांच्या आधी जेवले नव्हते. बसले. त्यांनी भाकर वाढली, भरीत वाढलं, वर तेल सोडलं. भाकर जाड झाली होती, एका बाजूनं करपलेली. दोन घास खाल्ले आणि इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं. "मामाजी, साऱ्या गावाले सांगून आले तुमी. एकदा तरी मले राहा म्हणाचं होतं! घरातल्या एकानंई म्हणलं नाही."

त्यांनी आणखी चतकोर वाढला. "म्हणलं असतं तं राह्यली असती?"

"हाव. राह्यली असती."

"म्हून नाही म्हणलं."

ते चुलीकडं तोंड करून बोलत होते. "थो कागद पाह्यला म्या, खिळ्याचा. खाली मायं नाव होतं, गोल करून. म्हणलं, हे आता माया नावापाई बसन इथीच. अकरा महिने, अकरा महिने करत. तू सही करत नोती, मले माहीत हाय. पण लोकाइचं अन्न खाऊन मांगं फिरत नाई तू. थेई माहीत हाय."

आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. मग भाकरीचा करपलेला काठ मोडला. मी विचारलं, "अन् तुमी?"

"मले काय होते? मी अथीच आहो."

ताट झालं. हात धुऊन आले तर त्यांनी दुसरी थाळी आणून ठेवली होती. तांदूळ, नारळ, आणि बाजारातून स्वतः आणलेला खण, भडक हिरवा. थाळी माझ्यासमोर सरकवून ते दोन पावलं मागं झाले. "बाप्या माणसानं ओटी भरू नाई. तुयी सासू असती तं तिनं भरली असती. तूच घे."

मी डाव्या हातानं पदर पसरला आणि उजव्या हातानं स्वतःची ओटी स्वतःच भरली. खण घेतला, नारळ घेतला, तांदूळ घेताना अर्धे मुठीतून खाली सांडले. वेचायला मी खाली बसले, तर मामाजीही गुडघ्याला हात देऊन खाली बसले. एकमेकांकडं न बघता आम्ही दोघं फरशीवरचा एकेक दाणा वेचत राहिलो.