फऱ्याचं हाड आणि पाण्याचा थेंब

"मावशी, डॉक्टर यायच्या आत एकदाच ह्यांच्या डोक्यावर फिरवा की, गुठळी विरघळंल," जैबूनभाभी म्हणाली.

अल्ट्रासाउंड मशीनचा दांडा माझ्या हातात होता. रोज सकाळी मी तो पुसायची आणि त्याच्या सपाट तोंडावर पाण्याचा थेंब टाकून बघायची. त्यातल्या लाटा ऐकू येत नाहीत, दिसत नाहीत. थेंब नाचला की समजायचं, मशीन चालू आहे.

शाहूपुरीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी चौथी पास आया होते. मशीन डॉक्टर चालवायचे. पेशंटचे हातपाय हलवणं माझ्याकडे.

भाभीचे मालक बाबूभाई मटणवाले. अर्धांगवायूनं उजवी बाजू आणि वाचा गेलेली, समज शाबूत. हात हलवला तर डोक्यातली रक्ताची गुठळी सरकेल, असं कुणीतरी सांगितलं म्हणून उजवा हात तीन आठवडे झोळीत बांधलेला. बोटं आखडत चालली होती. अजून महिनाभर तसाच ठेवला असता तर सुरी कायमची सुटली असती.

डॉक्टर आले. भाभीनं त्यांनाही तेच सांगितलं.

"परदेशात काचेच्या नळीत गुठळीवर असले प्रयोग करतात. माणसाच्या डोक्यावर नाही. आणि यांच्या डोक्यात गुठळी आहे की रक्त सांडलंय, हे सांगणारं मशीन आपल्याकडं नाही."

"मग हे ठेवलंय कशाला?"

"सांधे शेकायला."

भाभीला पटलं नाही. मालकांच्या हाताला मला हात लावू देईना. ती निघताना मी म्हटलं, "उद्या दुकानातनं बकऱ्याच्या फऱ्याचं, खांद्याचं चपटं हाड घिऊन या."

"दवाखान्यात रस्सा करताय व्हय?"

"आणा तर."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून मी दांड्यावर थेंब टाकला. नाचला. मग दांड्याला जेल लावून त्यावर हाड ठेवलं, थेंब हाडावर टाकला. जेमतेम थरथरला.

"कवटी याच्यापेक्षा जाड असते," डॉक्टर म्हणाले.

बाबूभाईंनी डाव्या हातानं हाड उचललं. जन्मभर हाडं फोडलेला माणूस. हाडावर टकटक केली, मग स्वतःच्या डोक्यावर. अर्ध्या तोंडानं हसले. झोळी ओढून काढली आणि उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. भाभीनं झोळीची घडी करून पिशवीत टाकली.

रोज मी बोटं उघडायची, रोज ते कळवळायचे. पहिला शब्द फुटला तो मला दिलेली शिवी. पाच महिन्यांनी सुरी धरली. हाडं फोडायचा सत्तूर मात्र शेवटपर्यंत पेलला नाही.

आता म्हणे कवटीतूनही लाटा सोडून बघतात. जमलं तर चांगलंच. पण मशीन येईपर्यंत बोटं थांबत नाहीत, आखडतात.