मनिलाच्या बाजारात बाळाशेठ

परदेशात जाऊन आलेला माणूस आठवडाभर फोटो दाखवतो. मग लोक फोटोंना कंटाळतात आणि त्याच्या खरेदीची खिल्ली उडवायला लागतात. आम्ही कर्जत-खालापूरचे सिमेंट आणि हार्डवेअरवाले चौक फाट्यावर चहाला जमतो, तिथं तर आता दुसरा विषयच निघत नाही. फिलिपिन्सहून आणलेल्या बॅगा केव्हाच रिकाम्या झाल्या, किस्से मात्र अजून निघतायत!

झालं असं, की टार्गेट पुरं केलं म्हणून सिमेंट कंपनीनं आम्हा डीलरांना मनिलाची टूर दिली. हे मनिला नेमकं कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण फुकट आहे म्हटल्यावर भूगोल कोण विचारतो?

तिकीट दुकानामागं एकच. आणि खालापूरच्या बाळाशेठचं दुकान कागदोपत्री वहिनींच्या नावावर! 'सुरेखा ट्रेडर्स' अशी ठसठशीत पाटी आहे. दुकान उघडणं, बिलं करणं, उधारीवाल्याला दम भरणं, सगळं सुरेखावहिनींकडं. बाळाशेठकडं फक्त गिऱ्हाइकाला चहा पाजायचं खातं. तरी यांनी कंपनीच्या सायबाला गोड बोलून तिकीट स्वतःच्या नावावर करून घेतलं. म्हणे, "तिला इमानात चक्कर येती!" वहिनी उभ्या जन्मात विमानात बसलेल्या नाहीत.

निघताना वहिनी दारात एवढंच म्हणाल्या, "मला कायतरी असं आणा, की बगितल्यावर कळंल, तुमी माजी आठवण काढून घेतलंत." आणि तिथून बोलणं बंद. फोन उचलेनात. मेसेजला नुसते निळे टिक. बाळाशेठ विमानतळावरच रडकुंडीला आले. "आरं, साडी म्हणाली असती, सोनं म्हणाली असती. आठवण कुटल्या दुकानात मिळती रं?"

* * *

पहिल्या दिवशी आमची गाइड लिझा आम्हाला जुन्या किल्ल्यातल्या हस्तकलेच्या दुकानात घेऊन गेली. बांबूच्या टोपल्या, वेताच्या पिशव्या, शिंपल्यांचे दिवे. आमची मंडळी टोपल्यांवर तुटून पडली.

ही मंडळी कोण? तर नेरळ स्टेशनबाहेर डोंगरावरच्या वाडीतली बाई टोपल्या घेऊन बसते, तिच्याशी अर्धा तास घासाघीस करून शेवटी न घेताच निघून जाणारी! इथं पाटीवर लिहिलेली किंमत गपगुमान दिली. वर विणणाऱ्या बाईबरोबर फोटो काढून स्टेटसला टाकला, 'कलेची कदर'.

बाळाशेठनं पण टोपली उचलली. मग परत ठेवली. "सुरेखा म्हणंल, ही तर आपल्याकडं बी मिळती, मग इमान कशाला जाळलं?" माणूस पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला.

* * *

दुसऱ्या दिवशी मोत्यांचा बाजार. बाळाशेठनं एक माळ हेरली, खिशात हात पण घातला. पण आमच्यात कर्जतचे बुवा होते. टाइल्सचं दुकान, गळ्यात तुळशीची माळ आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत. बुवा म्हणाले, "थांब! मोती दातावर घासून बघायचा. खरखरला तर खरा."

आता बुवांची पूर्ण कवळी. सोयीचं पडावं म्हणून त्यांनी ती सरळ काढून हातात घेतली, आणि काउंटरवर उभे राहून एकेक मोती घासायला लागले! दुकानातली पोरगी भिंतीला टेकली. ट्रेमधले मोती संपल्यावर बुवांनी निकाल दिला, "समदं गुळगुळीत. डुप्लिकेट माल!"

लिझा शांतपणे म्हणाली, "सर, मोती खरे आहेत. दात खोटे आहेत!"

आम्ही हसून लोळलो. पण बाळाशेठचा भरवसा बुवांवर. माळ राहिली ती राहिलीच.

* * *

त्याच बुवांनी एका दुकानातून लाकडी पिंपात उभा असलेला हसरा माणूस घेतला. फक्त डोकं नि पाय बाहेर. पॅक करताना विकणारी आजी पण गालात हसत होती. बुवा म्हणाले, "काय सात्त्विक चेहरा हाय! शोकेसला ठेवतो."

कर्जतला आल्यावर घरी भजन लावलं. मध्यंतरात चहा आला, आणि मंडळातल्या सगळ्यात जुन्या टाळकऱ्यानं कौतुकानं पिंप वर उचललं. खाली तो माणूस जन्माला आला तसाच होता, आणि वर स्प्रिंग बसवलेली! पुढचं मी सांगत नाही, घरात लहान मुलं आहेत.

बुवांच्या घरच्या काकू आतून पदर सावरत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये बगाया एवड्या लांब गेलावता व्हय?"

* * *

मी काय आणलं? तिथं घरोघरी भिंतीवर लाकडी चमचा आणि काटा टांगतात, माणसाच्या हाताएवढा. मला वाटलं, हॉलला शोभा येईल. मोहोपाड्यात आमच्या हॉलमध्ये पाहुणे आले की आधी चमचा बघतात, मग माझ्या पोटाकडं. शेवटी आईनं चमचा उतरवून गल्लीच्या भंडाऱ्याला दिला. आता तो दरवर्षी खिचडी ढवळतो. काट्यानं ती माळ्यावरची गोधडी खाली ओढते. टूरमधली एकमेव उपयोगी खरेदी माझीच, असं मी समजत होतो.

* * *

शेवटचा दिवस उजाडला तरी बाळाशेठची बॅग रिकामीच. लिझानं मग आम्हाला पुलाखालच्या बाजारात नेलं. स्वस्त नि मस्त, गावोगावच्या हस्तकला एका जागी. आम्ही की-चेन उचलत होतो, आणि बाळाशेठ एका झाडूपुढं खिळून उभे! गवताच्या तुऱ्यांचा मऊ, दाट झाडू. मुठीला रंगीत दोऱ्यांची वीण.

"सिमेंटची बारीक धूळ आमच्या केरसुणीनं निघत नाय रं," ते हळूच म्हणाले. "सुरेखा रोज सकाळी वाकून वाकून झाडती, नि खोकती." डोळ्यांत पाणी होतं माणसाच्या. तेवढ्या वेळी मला बाळाशेठची खरंच माया आली.

बाकीच्यांना नाही आली! "बायकोला परदेशातून झाडू?" विमानतळापर्यंत सगळे हसत होते. बुवा म्हणाले, "बाळा, आता चौक फाट्यावरच भाड्यानं खोली बघ!"

पुढं दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला आम्ही बाळाशेठच्या दुकानात गेलो, तर पाटावर केरसुणीच्या जागी फिलिपिन्सचा झाडू! हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूचं फूल खोचलेलं. वहिनींनी नमस्कार केला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या.

"बगितल्या बगितल्या कळलं मला. आठवण काढूनच घेतलाय तुमी."

बाळाशेठ फुलून गेले. वहिनींनी झाडू उचलला आणि त्यांच्याच हातात दिला. "आता रोज सकाळी दुकान तुमी झाडायचं. माजी आठवण काढून. नि पुढल्या टूरला मी जानार. पाटीवर नाव माजं हाय!"

* * *

आणि गेल्या खरंच! कंपनीला तिथलंच हॉटेल परत स्वस्तात मिळालं, म्हणून पुन्हा मनिला. वहिनींना विमानात चक्कर आली नाही, बुवांना आली. वहिनींनी पहिल्याच दिवशी मोत्यांची माळ घेतली, बुवांना तोंड उघडू न देता.

शेवटच्या दिवशी पुलाखालच्या बाजारात त्याच झाडूवाल्यापुढं त्यांनी बाळाशेठना व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे मागं उभे. पडद्यावर बाळाशेठ गल्ल्यावर ऐटीत बसलेले, हातात चहाचा ग्लास.

"अहो, दुसरा झाडू घेऊ का?" वहिनी लाडात म्हणाल्या. "तो झिजला असंल ना रोज झाडून?"

"छे गं!" बाळाशेठनं छाती फुगवली. "पूजा झालेला झाडू तो! तू गेलीस त्याच दिवशी पिशवीत बांदून देवाजवळ ठेवला. बग, रोज ताजं फूल बी वाहतो!"

वहिनींनी फोन ठेवला.

दोन मिनिटांनी माझ्या मोबाइलवर बाळाशेठचा मेसेज आला, "हिला काय झालं रं? नुसते निळे टिक येतायत."