बाबांच्या गाडीचा आवाज

कानाच्या डॉक्टरांनी आईला बाहेर बाकावर बसवलं आणि मला एकटीला आत बोलावून सांगितलं की डावा कान गेलेलाच आहे, उजव्यात थोडं शिल्लक आहे, तेही जाणार. मशीन लावा हवं तर, पण फार आशा धरू नका. किती दिवस म्हणून विचारलं तर म्हणाले, काही महिने. बाहेर येऊन मी आईला ठोकून दिलं की थेंब दिलेत, बरं वाटेल.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "थेंबांनी काय व्हायचा न्हाय, मला ठाव हाय. त्यापरीस ह्यांची गाडी येकदा चालू करून दे. तेवढी आयकली का मंग कान गेलं तरी चालंल."

"नऊ वर्षं उभी आहे ती. उंदरांनी संसार थाटलाय तिच्यात."

"मंग काढ उंदरांना," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

ह्यांची म्हणजे माझ्या बाबांची. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली, आणि त्यांची मोटरसायकल तेव्हापासून बंद कारखान्यात पडून होती. भिवंडीजवळ शेलारला आमच्या घराला चिकटूनच हा कारखाना. कारखाना म्हणजे कापड विणायचे चार लूम आणि वर पत्रा. लूम बाबा चालवायचे आणि धाग्याच्या कांड्या भरायचं काम आईचं. तीस वर्षं ती त्या खडखडाटात लूमपासून दोन हातांवर बसली. कान तिथेच गेले. आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेली माणसं टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतात की शेजाऱ्याला वेगळा लावायची गरज नाही, आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नाही. कारखान्यात तर कुणी आवाज काढून बोलतच नसे. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. आई त्यात इतकी पटाईत की चार लूमच्या पलीकडे मी पुटपुटलेली शिवी तिला कळायची आणि संध्याकाळी माझ्या पाठीत धपाटा बसायचा.

पण बाबांची गाडी तिला कानाने कळायची. बाबा भिवंडीत कापड पोचवून परत यायचे तेव्हा गाडी नाक्यावर असतानाच आई कांडी हातातली खाली ठेवायची. मला काही म्हणजे काही ऐकू येत नसे. कसं कळतं तुला, विचारलं की म्हणायची, "ती टक् करते." आणि गाडी दारात आली की खरंच, डब-डब-डब चालता चालता मध्येच एक पोकळ टक् यायचा. दुसऱ्या कुठल्याही गाडीला मी तो टक् ऐकलेला नाही.

आता मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये आल्यागेल्या मालाची नोंद कॉम्प्युटरवर करते, घरी आई आणि मी दोघीच. स्कूटर पंक्चर झाली तर ढकलत नेणारी. तरी त्याच आठवड्यात मी कारखान्याचं कुलूप उघडलं आणि गाडीवरचं कोरं कापड ओढून काढलं. अगं बाई! सीटमध्ये उंदरांचं घरटं होतं, टायरला भेगा, टाकीत गंजाचा चुरा खुळखुळत होता आणि किक दगडासारखी घट्ट. हँडलच्या रबरावर मात्र बाबांच्या बोटांची झीज जशीच्या तशी होती. बाबा गेले तेव्हा पाहुणे, स्वयंपाक, कागदपत्रं यांत न आलेलं रडू त्या दिवशी आलं, आणि चांगलं तासभर आलं.

भिवंडीत एका जुन्या गॅरेजवाल्यांचं नाव सगळे सांगत होते, त्यांना लोक चाचाच म्हणतात. जुन्या गाड्यांचे डॉक्टर. मी फोटो दाखवला तर हसले. "बहनजी, बेच दो. शौकीन लोग ऐसी ही उठा ले जाते हैं."

माझं डोकंच फिरलं. "बेचनी होती तो आपके पास आती क्या?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "मुझसे अब नहीं बनती. मैं बोलूँगा, बनाओगी तुम."

असं आमचं ठरलं. शुक्रवारी त्यांचं गॅरेज बंद. नमाज झाली की ते शेलारला यायचे, आई त्यांना खुर्ची आणि चहा द्यायची, आणि ते बसल्या जागेवरून हुकूम सोडायचे. मी गोडाऊनमध्ये भांडून साप्ताहिक सुट्टी रविवारची शुक्रवारी करून घेतली. पहिल्याच शुक्रवारी पाना उलटा फिरवून मी एक बोल्ट तोडला. चाचा शांतपणे म्हणाले, "चलो, बिस्मिल्लाह हो गया." म्हणजे आमचा श्रीगणेशा झाला.

प्लगच्या भोकातून इंजिनात डिझेल ओतून ठेवायचं आणि रोज किकला हात लावून बघायचा, एवढाच कार्यक्रम पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी किक बोटभर हलली आणि मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली, तिला वाटलं साप निघाला. मग कार्बोरेटर. तो मी जेवायच्या ताटात सोडवला, आईने डोळे वटारले तरी. टाकीत मूठभर नट टाकून ती हलवायची, गंज निघेपर्यंत हलवायची. दंडाचे तुकडे पडले. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं हे मला तीनदा सांगावं लागलं. नखं काळी ती काळीच. ऑफिसातल्या पोरी विचारायच्या, मॅडम, मेंदी बिघडली का? हसू देत मेल्यांना. माझ्या हातांना बाबांच्या हातांचा वास यायला लागला होता. कुणी बघत नसलं की मी बोटं नाकाशी न्यायचे. मला बाबा इतके हवेसे झाले होते त्या दिवसांत, की चाचा नुसते "हाँ, अब ठीक" म्हणाले तरी ते बाबाच म्हणाल्यासारखं वाटायचं.

आई रोज दारात येऊन विचारायची, "झाली काय?" मी म्हणायचे, होतेय. तिचा कान आणि माझा हात यांची शर्यत लागली होती आणि दोघींनाही ते माहीत होतं.

आणि मग मी शहाणपणा केला. एका मंगळवारी कामावरून आल्यावर चहा व्हायच्या आत चेनचं कव्हर तेवढं साफ करू म्हणून बसले. एव्हाना मी स्वतःला मोठी मेकॅनिक समजत होते. कव्हर आणि चौकट यांच्या मधे तारेने बांधलेला एक काळा कडक चामड्याचा तुकडा निघाला. ओळखलाही मी तो. लूममध्ये कांडी घेऊन पळणाऱ्या धोट्याला ठोकर देऊन या टोकाहून त्या टोकाला फेकणारं चामडं असतं, पिकर म्हणतात, त्याचा तुकडा. म्हटलं, बाबांचा जुगाड! कारखान्यातली सवय, काही तुटलं की लूमचा भाग ठोकून द्यायचा. मी तार कापली, चामडं काढलं, कव्हर धरून ठेवणाऱ्या तुटलेल्या पट्टीच्या जागी नवी पट्टी नि नवा बोल्ट आवळून बसवला. काय सुबक दिसत होतं! चामडं मी उंदरांच्या घरट्याबरोबर भंगारवाल्याच्या पोत्यात टाकलं आणि हात धुऊन चहा प्यायले.

शुक्रवारी अकराव्या किकला गाडी सुरू झाली. कारखाना धुराने भरला, चाचा खोकत खोकत टाळ्या वाजवत होते, मी वेड्यासारखी हसत होते. आई आली. उजवा कान गाडीकडे करून, डोळे मिटून उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"चांगली झाली हाय गाडी," ती म्हणाली. "पन ही ह्यांची न्हाय." आणि घरात निघून गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या मागून ओरडले, "मग कुणाची आहे? तीन महिने मी काय शेजाऱ्याची गाडी पुसत होते?" ती थांबली नाही. चाचांनी हात वर करून मला गप्प केलं आणि थोडा वेळ गाडी ऐकली. "आवाज बहुत साफ़ है," ते म्हणाले. "चेन-कवर में कुछ था क्या?"

"चमड़े का टुकड़ा था. फेंक दिया."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वही तो बोलता था, बेटी."

मग त्यांनी समजावलं. पट्टी तुटली की लूमवाले तिथे पिकरचं चामडं घालायचे. दिवसभर ठोकर खायलाच बनलेलं असतं ते, वर्षानुवर्षं टिकतं. कव्हर त्यावर आपटलं की टक् होतो. गाडी नवी करण्याच्या नादात बाबांनी स्वतःच्या हाताने केलेलं तेवढं एक काम मी उपटून भंगारात दिलं होतं. माझी मलाच चीड आली, इतकी की मी हातातला पाना भिंतीवर फेकला.

भंगारवाला सापडला, पोतं केव्हाच पुढे गेलं होतं. चामड्याचे पिकरही आता मिळत नाहीत, सगळीकडे प्लास्टिक. मी शेलारपासून कोन गावापर्यंत कारखान्यांच्या दारात उभी राहून विचारत फिरले. लोक विचारायचे, लूम टाकताय काय ताई, या मंदीच्या दिवसांत? कोनला एका म्हाताऱ्या कारखानदाराने खिळ्यांच्या डब्यातून एक पिकर काढून दिला. मी तो कापला, तारेने बांधला, नवी पट्टी काढून टाकली. गाडी सुरू केली तर आवाज आला थप्. चाचा म्हणाले, "सूखा है. तेल पिएगा तब बोलेगा." लूमच्या तेलात चामडं बुडवून ठेवलं. पुढच्या शुक्रवारी ठप्. त्याच्या पुढच्या शुक्रवारी टप्. आवळलेले बोल्ट मी एकेक आटा ढिले करत होते. आधी तीन महिने गाडी दुरुस्त केली, आता मी ती बिघडवत बसले होते.

या दिवसांत कुकर पाच-पाच शिट्ट्या देऊन जायचा आणि आई तिथेच शेजारी भाजी निवडत बसलेली असायची. मी मागून ओरडायचे, लक्ष कुठे असतं तुझं! ती उत्तर द्यायची नाही. समोर येऊन विचारलं की म्हणायची, "ध्यान नव्हता." आणि समोरासमोर तर ती प्रत्येक गोष्टीला बरोबर उत्तर द्यायची, चाचांच्या हिंदीलासुद्धा. मला वाटलं, अजून आहे थोडं. वाटलं म्हणजे वाटून घेतलं. एकदाही तिच्या पाठीमागे उभं राहून हळू हाक मारून बघायची हिंमत माझ्यात नव्हती.

मग एका शुक्रवारी दुपारी टक् आला. डब-डब-डब, टक्. पोकळ, जरा उशिरा येणारा, अगदी तोच. मी दहा वर्षांची होऊन दारात उभी होते आणि बाबा नाक्यावर होते. चाचांनी डोळ्यांनीच खूण केली, जा, आण. मी गाडी बंद केली, कारण आईने ती पहिल्यापासून ऐकायला हवी होती.

ती लगेच निघेना. केस विंचरले, चांगलं लुगडं नेसली. अर्धा तास गेला. मी तिला गाडीसमोर चाचांच्या खुर्चीत बसवलं, सीटवर बसले, चावी फिरवली आणि किक मारली. काही नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. प्लग ओला झाला असणार. मी घामाघूम. चाचा प्लगपाना घेऊन वाकले. मी जीव खाऊन चौथी किक मारली, इंजिन नुसतं फुस्स करून गप्प झालं, आणि मी आईकडे बघून म्हणणार होते, थांब जरा, होईल.

आईचे डोळे भरून वाहत होते. ती माझ्या पायाकडे बघत होती आणि मान हलवत होती.

"हीच," ती म्हणाली. "हीच गो बाय. ह्यांचीच हाय."

गाडी बंदच होती, कारखान्यात कसलाही आवाज नव्हता. चाचा वाकलेले तसेच राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. माझा पाय पुढच्या किकसाठी वर उचललेला होता, तो मी हळूच खाली टेकला. उतरले असते तर तिच्यासाठी गाडी बंद पडली असती. म्हणून मी बसून राहिले, दोन्ही हातांनी हँडल धरून, आणि आई समोर बसून ऐकत होती. तिने डोळे मिटून घेतले होते. कधी मध्येच किंचित हसत होती. मला हंबरडा फोडावासा वाटत होता, पण मी ओठ घट्ट मिटले, कारण तिने डोळे उघडले असते तर ओठांवरून तिला सगळं कळलं असतं.

खूप वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि हाताने मला खूण केली, पुरे, बंद कर आता.

मी वाकून चावी फिरवली.