औषधवाल्या बाईंचे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या औषधवाल्या बाई गोळीआधी प्रश्न देतात, तेही चष्म्यावरून बघत. मी वाशिमची, सातवीत शाळा सुटलेली, इथे मेसमध्ये पोळ्या लाटते. गुडघ्याच्या संधिवातावर मी नेहमीची दुखण्याची गोळी मागितली.

"चिठ्ठी? काही खाल्लंत?"

"चतुर्थी आहे, मॅडम."

"उपाशीपोटी ही गोळी? गणपतीने सांगितलंय का? संडास काळी होते?"

चारचौघांत असं विचारतात? मी संतापले. पण होत होती. गोळी न देता त्यांनी दुकान तसंच टाकून मला समोरच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्त जात होतं.

आता संताप येतो तो आमच्या गल्लीतल्या दुकानदाराचा. वर्षभर "घ्या ताई" म्हणत त्याने गोळ्या दिल्या, एकदाही काही विचारलं नाही. आणि मी त्यालाच भला माणूस समजत होते.