पल्लवी आणि फाटके कान

नवीन माणूस भेटलं की पल्लवी आधी त्याचे कान पाहायची, चेहरा नंतर. अमरावतीच्या कला महाविद्यालयात आम्ही दोघी नव्या होतो. वसतिगृहाच्या खोलीत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, नावगाव न विचारता माझे केस मागे सारले आणि म्हणाली, "तुह्या कानाचं भोक खाली आलं वं. जड रिंगा घालणं बंद कर, नाही तं फाटन एखांद्या दिवशी." मी अकोल्याची, चांगली बडबडी, पण तेव्हा मी मुकाट्यानं रिंगा काढून ठेवल्या. पुढची सगळी वर्षं आम्ही त्याच खोलीत काढली.

ती शेंदूरजनाघाटची. वडिलांचा संत्र्याचा व्यापार, घर खाऊनपिऊन सुखी. मुलगी चित्रकला शिकेल आणि कुठल्यातरी शाळेत लागेल, असं घरच्यांना वाटत होतं. तिनं धातुकाम आणि दागिने हा विषय घेतला. तांब्याच्या पत्र्याला कानस मारत बसली की तिला जेवणाची शुद्ध नसे. बोटांवर कापल्याच्या रेघा, नखांत काळं. वडील फोनवर विचारायचे, "काय शिकून राहिली वं पोरी?" ही म्हणायची, "सोनारकी." मग तिकडून मोठ्यानं हसणं ऐकू यायचं. मुलीवर त्यांचा जीव होता. ते आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणालाही ते खोटं वाटेल.

भाजीबाजारात गेलो की पल्लवी म्हाताऱ्या बायकांशी बोलत रेंगाळायची. त्यांतल्या कितीतरी जणींच्या कानाची पाळी फाटून दोन तुकडे झालेली असे. "मावशी, कान कशानं फाटला?" ती सरळ विचारी. कुणी म्हणे झुमक्यांच्या वजनानं, कुणी म्हणे लेकरानं ओढलं. एका मेथीवालीनं मात्र उत्तर दिलं नाही. तिनं पदर कानावर ओढला आणि जुडी पुढं केली.  त्या दिवशी खोलीवर आल्यावर पल्लवी पलंगावर बसून म्हणाली, "माह्या मायचाबी असाच आहे. वासरानं झटका देल्ला असं सांगतेत घरी. मीबी तेच सांगो सगळ्याईले. पण मी तिथंच होती. चौथीत होती मी. बाबानं ओढला."

 तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. पण शेवटच्या वर्षाचं काम ठरवायची वेळ आली तेव्हा तिनं गावंडे सरांना सांगितलं, की मी फाटलेल्या कानांसाठी दागिने करणार. सर धातुकाम शिकवायचे, माणूस भला. ते म्हणाले, "विषय चांगला आहे. पण फाटलेल्या पाळीत दागिना अडकवणार कुठं?" पल्लवी म्हणाली, "वरून. सगळं वजन कानाच्या वरच्या कडेवर घ्यायचं."

तिनं पहिला दागिना केला तो कानामागून वळसा घेऊन यायचा आणि खाली चांदीचं एक रुंद पान फाटलेली जागा पूर्ण झाकून टाकायचं. सरांना आवडला, आम्हा सगळ्यांना आवडला. दिवाळीत ती तो घरी घेऊन गेली. आईनं आरशासमोर घातला, मान इकडं तिकडं फिरवली आणि काढून तिच्या हातात दिला. "छान आहे. पण झाकून काय करतं? मले मालूम आहे न तिथं काय आहे थे."

परत आल्यावर पल्लवीनं तो दागिना वितळवला. माझ्या डोळ्यांदेखत. मग महिनोन्‌महिने ती एकच गोष्ट करत राहिली. बारीक तारा वाकवायची, डाग देऊन जोडायची, मोडायची. अखेर जे झालं त्यात तार कानाच्या कडेकडेनं उतरायची आणि फाटलेल्या दोन तुकड्यांच्या दोन्ही बाजूंनी जाऊन खाली थांबायची. मधली चीर उघडीच राहायची. ते पाहताना मला अस्वस्थ वाटायचं आणि नजरही हटायची नाही.

प्रदर्शनाला आईवडील दोघंही आले. वडील कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात सरांसाठी संत्र्यांची थैली. भेटेल त्याला सांगत होते, "माह्या पोरीचं काम आहे हे." आईनं तो दागिना घातला होता आणि डोक्यावरचा पदर मागं घेतला होता. पाहायला आलेल्या एका बाईंनी वाकून पाहिलं आणि सहज विचारलं, "मावशी, कान कसा हो फाटला?"

"वासरानं झटका देल्ला," वडीलच बोलून गेले.

"नाही," आई म्हणाली. "ह्यायनं ओढला होता. रागात."

आवाज चढवलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. वांगी कशी दिली याचं उत्तर द्यावं तसं ती बोलली. त्या बाई मागं सरकल्या. वडिलांनी थैली टेबलावर ठेवली आणि ते दालनाबाहेर निघून गेले. बराच वेळ ते झाडाखाली गाडीपाशी उभे होते. आई बाहेर गेली नाही. संध्याकाळी वडील एकटेच गाडीनं गावी गेले, आणि आई भातकुलीला तिच्या भावाकडं गेली.

त्यानंतर फोन सुरू झाले. काका, आत्या, चुलतभाऊ. पोरीनं बापाची अब्रू भर बाजारात मांडली, हेच सगळ्यांचं म्हणणं. पल्लवी ऐकून घ्यायची, मग मोरीत जाऊन तोंड धुवायची. तिनं हे ठरवून केलेलं नव्हतं. आईला ती चिडून म्हणाली होती, "काहून बोलली वं तू?" आई म्हणाली, "तिनं इचारलं म्हून. एवढ्या वर्षांत कोनी मले इचारलंच नाही. ह्यायलेच इचारत."

परीक्षा पास झाल्यावर काही महिन्यांनी ती अकोल्याला आली. मी तोवर एका शाळेत चित्रकला शिकवत होते. माझ्या घराजवळच तिनं खोली घेतली आणि आईला आणलं. दारात काम, मागं स्वयंपाक. तिच्या कामाचे फोटो कुणीकुणी पुढं पाठवले आणि खेड्यापाड्यांतून बायका येऊ लागल्या. कान कशानं फाटला हे पल्लवी आता विचारत नसे. आई मात्र चहा देता देता विचारायची, आणि बायका सांगायच्या.

वर्ष बरं गेलं. मग गावाहून निरोप आला, वडिलांना लकवा मारला, बोलणं गेलं. आईनं त्याच दुपारी पिशवी भरली. मी तिथंच होते. पल्लवी दारात आडवी आली. "जाऊन राहिली? त्या माणसाकडं? मंग इतकं सगळं कायले केलं मी?"

"तुनं केलं थे चांगलं केलं," आई म्हणाली. "पण मी घरातून निंगाली थे तुह्यासाठी नाही निंगाली. अन् आता जाऊन राहिली थे त्यायच्यासाठी नाही. घर माहं आहे. सरक."

पल्लवी सरकली. त्यानंतर कित्येक महिने तिनं आईचा फोन उचलला नाही. कामही हाताला लागेना. आलेल्या बायकांना ती नंतर या म्हणून परत पाठवायची. मी समजावायला गेले की म्हणायची, "तू मधात पडू नको."

उन्हाळ्यात एकदा ती काही न सांगता गावाला जाऊन आली. परत आली तशी सामान न ठेवता थेट माझ्याकडं आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"बाप खाटेवर होता. माय त्याले भरवून राहिली होती. तिनं माहा दागिना घातला होता. बाप तिच्या कानाकडं पाहे अन् डोये वाहेत. बोलता तं येत नाही." तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "इतकी वर्षं मले वाटे, हा माणूस एक डाव रडला पायजे. मंग मले बरं वाटन. नाही वाटलं वं. काहीच नाही वाटलं."

"मग काय केलंस?"

"काय करतं? माय दमली होती. मी वाटी घेतली तिच्या हातातून, अन् उरलेलं त्याले भरवलं."